पाण्याचा वार

डॉक्टरांनी विचारलं, घरात काय काय आहे?
म्हणालो, दोन खोल्या, कूलर, बायको, मुलगी
आणि धोटा.
धोटा म्हणजे?
कुत्रा. मागावरच्या धोट्यासारखा
या दारातून त्या दारात, त्या दारातून या दारात,
म्हणून पोरीनंच ठेवलेलं नाव.

माझं काम काय, ते त्यांनी विचारलं नाही.
मी हात मांडीखाली दाबून बसलेलो.
टॉवेलच्या कारखान्यातून थेट आलेला माणूस,
भुवयांत, कानांच्या पाळीमागं
सुताची पांढरी तुसं.
रात्रभर भार्गवीची छाती सूं सूं वाजायची
आणि मी भिंतीकडं तोंड करून मोजायचो
आज किती तास मागाजवळ होतो.

नर्सनं तिच्या हातावर पेनानं आकडे काढले,
एकेका आकड्याशेजारी एक थेंब, एक टोचणी.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
ती पाढे म्हणत बसली.
सतराच्या पाढ्यात अडखळली
तेव्हा सात नंबर फुगू लागला होता.
चार नंबर कापसाचा.
तो सपाटच राहिला,
तिथं काही घडलंच नसल्यासारखा.
मला हायसं वाटलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सात नंबर कुत्र्याचा होता.

परतताना स्कूटरवर पाठीमागून आवाज आला,
"नर्सनं नंबर अदलाबदल केले असतील का, बाबा?"

मेहुणा म्हणाला, तुळजापूरला शेतावर सोडू, राखण करेल.
कोंड्याल काकू म्हणाल्या, मुलगी मोठी की कुत्रा?
असल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं,
म्हणून तर तो विचारतात.

डॉक्टर म्हणाले, काढलात तर उत्तमच.
ठेवणार असाल तर नीट ऐका.
झोपायच्या खोलीत नाही, कधीच नाही.
आठवड्याला त्याची अंघोळ. चादरी कडकडीत पाण्यात.
झाडू बंद, ओलं फडकं.
निळा पंप दप्तरात,
दुसरा सकाळ-संध्याकाळ, मग चूळ.
तीन महिन्यांनी बघू.
दम वाढला तर मात्र माझं ऐकायचं.
मी मान हलवत होतो
आणि मनात घागरी मोजत होतो.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो,
पहाटे तीनला, तेही सोडणाऱ्याच्या मर्जीनं.

आता पाण्याच्या वारी अख्खं घर जागं असतं.
पद्मिनी बंब पेटवते.
भिजलेली सोलापुरी चादर माणसाएवढी जड,
दोघांनी दोन टोकं धरून पिळावी लागते.
उरलेल्या दीड बादलीत धोटा.
तो कान पाडून उभा राहतो,
मग अंग झाडतो,
आणि वाळत घातलेलं सगळं पुन्हा एकदा ओलं.

खोलीच्या उंबऱ्यावर भार्गवीनं
टॉवेलच्या काठाची लाल पट्टी ठोकली, तीन खिळ्यांनी,
त्यातला एक वाकडा.
घरात आम्ही तेलुगू बोलतो.
धोट्याला आजवर एकच शब्द यायचा: रा. ये.
तिनं त्याला दुसरा शिकवला: वद्दु. नको.
चार दिवस लागले.
त्यातले तीन तिलाच शिकायला.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री पंप दोनदा लागला.
त्या रात्री मेहुण्याचा नंबर काढून ठेवला होता मी.
सकाळी कळलं,
दप्तरात जुना टॉवेल निघाला,
धोट्याच्या अंगाखालचा, घडी करून,
वासासाठी.
पद्मिनीनं काही न बोलता तो बंबात उकळला.
भार्गवी उकळी येईपर्यंत बघत उभी होती.
मेहुण्याला फोन केला नाही. नंबर अजून खिशात आहे.

काल संध्याकाळी कामावरून आलो.
दारात शर्ट काढून झटकत होतो,
तूस उडत होतं.
शेजारी धोटा, अंग विंचरून घ्यायला पद्मिनीची वाट बघत.
भार्गवी आतून आली, पट्टीशी थांबली,
दोघांना वरून खाली पाहिलं.
"बाबा, तुम्ही आत या. हात धुऊन.
धोटा, वद्दु."

मी लगेच गेलो नाही.
म्हटलं, येतो.
पायरीवर बसलो जरा,
त्याच्याकडं न बघता.